कुत्रीची शिकवणी

आपल्याकडे माणसं कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी इंग्रजीचं तोंड पाहिलेलं नाही, त्या घरातही कुत्रं आलं की ‘सिट’, ‘गो’ आणि ‘शेकहँड’ सुरू होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या मुलांना मराठीतून शिकवते आणि मराठीवरून कुणाशीही भांडायला तयार असते. पण आमच्या कुत्रीला शिकवायला बसले तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘सिट’. ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिचा जन्म आमच्या मेडशी गावचा, तिला कुठून कळणार.

शेजाऱ्यांच्या कुटाराच्या ढिगात ती जन्मली होती. सोयाबीन मळून झालं की जो भुसा उरतो त्याला आमच्याकडे कुटार म्हणतात. थंडीत तो ढीग आतून चांगला ऊबदार असतो, त्यामुळे दरवर्षी कुठली तरी कुत्री तिथे वितेच. त्यातलं हे एक पिल्लू आमच्या अंगणात आलं आणि परत गेलंच नाही. रंग मातकट, एक कान ताठ, दुसरा पडलेला. आम्ही तिचं नाव ठेवलं नाही. ‘यू यू’ म्हटलं की यायची, आणि नाही म्हटलं तरी यायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पाय काही दिवसांनी सावरला, काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागले. हात मात्र तसाच लोंबत राहिला आणि तोंडातून शब्द निघायचे ते अर्धेमुर्धे, एकमेकांत गुंतलेले. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रिसोड डेपोतून गाडी काढली की स्टँडवरच्या माणसांना त्यांचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू यायचा. आईशी ते भांडायचे तेव्हा अख्ख्या गल्लीला आमच्या घरात कुठली भाजी झाली आहे ते कळायचं. आई आधीच गेली, तिला हे बघावं लागलं नाही. मला बघावं लागलं. आवाज गेलेलं ते घर मला खायला उठायचं.

वाशीमच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने बाबांना एक पिवळा रबरी चेंडू दिला होता. तो उजव्या हातात धरून दाबायचा. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं जणू कुणी त्यांना खुळखुळा दिला आहे. मी रागावले, समजावलं, शाळेतल्या पोरांना दाखवते तसे डोळेही वटारले. त्यांनी चेंडू उशीखाली सारला तो सारलाच. पुढे कुत्रीने तो शोधून काढला आणि कुरतडून संपवला.

धाकटा भाऊ बायकोबरोबर पुण्याला असतो. दोघांना चांगली नोकरी, चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट, जवळच मोठं हॉस्पिटल. त्याने फोनवर सांगितलं, ‘दिवाळीत येतो आणि बाबांना घेऊन जातो.’ मी फोन स्पीकरवर लावला होता. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना जायचं नव्हतं हे सांगायला वाचा लागत नव्हती. पण भावाचं तरी काय चुकत होतं? मी सकाळी स्कूटीवर शाळेत गेले की संध्याकाळपर्यंत बाबा घरात एकटे. माझं लग्न झालेलं नाही, तेव्हा घरात तिसरं माणूस नाही. बाबा न्हाणीत पाय घसरून पडले तर हाक कशी मारणार? भावाच्या या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर सापडलं नाही तर दिवाळीत बाबा जाणार, एवढं नक्की होतं.

कुत्रीला शिकवायला घेतलं ते बाबांसाठी वगैरे मुळीच नाही. तिने माझ्या चपला खाल्ल्या म्हणून घेतलं. रिकामं कुत्रं आणि रिकामं पोरगं सारखंच, काहीतरी काम दिल्याशिवाय ताळ्यावर येत नाही. आणि खरं सांगायचं तर घरी आल्यावर कुणाशी तरी बोलायला मला हवं होतं. ग्लुकोजच्या बिस्किटाचे तुकडे हातात घेऊन मी संध्याकाळी ओसरीवर बसायचे. ती हुशार निघाली. आधी बसायला शिकली, मग पंजा द्यायला. मग मी तिला मागच्या दोन पायांवर उभं राहून पुढचे पंजे जोडायला शिकवलं आणि त्याला म्हटलं ‘नमस्ते’.

हे नमस्ते फार चाललं. बाबांना भेटायला येणाऱ्या माणसांना काय बोलावं ते सुचायचं नाही. ‘बरं वाटते का आता?’ विचारून झालं की सगळे पंख्याकडे बघत बसायचे. कुत्रीने हात जोडले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. हसायचे, मोबाइलवर फोटो काढायचे.

आम्ही सगळ्यांनीच तोवर एक सवय लावून घेतली होती. बाबांनी तोंड उघडलं की त्यांचं वाक्य आपणच पूर्ण करून टाकायचं. ‘पाणी पाहिजे? पंखा लावू? झोपायचं का?’ बाबा थकून कशाला तरी मान डोलवायचे. मग आम्ही पाणी आणायचो. त्यांना पाणी हवं होतं की नव्हतं, ते त्यांनाच माहीत. माया होती, नाही असं नाही, पण घाईही होती.

एका रविवारी नात्यातली माणसं आली होती. मी कुत्रीला पुढच्या खोलीत बोलावलं, बिस्किट उंच धरलं आणि म्हटलं, ‘नमस्ते कर.’ तिने लगेच हात जोडले. सगळे हसले. तेवढ्यात बाबांनी काठी जमिनीवर आपटली.

‘न... न...’

‘पानी पाह्यजे का त्याइले?’ कुणीतरी म्हणालं. मी पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी तो ढकलला. दुखतंय का म्हणून मी गोळी शोधायला लागले. बाबांचा चेहरा लाल झाला होता. ते खाटेच्या कडेला सरकले. कुत्री अजून मागच्या पायांवर उभीच, कारण बिस्किट मिळेपर्यंत ती हार मानत नसे. बाबा पुढे वाकले आणि त्यांनी तिचे जोडलेले पंजे वेगळे केले. बोटं उघडत नव्हती, तेव्हा मनगटाने एक पंजा खाली दाबला आणि दुसरा तळव्यावर घेतला.

‘हात,’ ते म्हणाले. मग बराच वेळ घेऊन, ‘दे.’

मला आधी शब्द ऐकू आले आणि मग दिसलं की तो उजवा हात होता.

मला रडू कोसळलं. पाहुण्यांना वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते, मला आनंद झाला होता, आणि त्याबरोबरच बाबांना काय सांगायचं होतं ते लख्ख कळलं होतं. माझे आजोबा अर्धं आयुष्य मोठ्या घरांच्या दारात हात जोडून, वाकून जोहार घालत जगले. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्म घेतला आणि ते वाकणं सोडलं. बाबांना हे त्यांनीच सांगितलेलं. म्हणून बाबांचा नियम होता की डेपो मॅनेजर असो, आमदार असो, हात मिळवायचा, जोडायचा नाही. विहारात मूर्तीपुढे तेवढे हात जोडायचे, तेही आपल्या मनाने. लग्नाच्या मांडवातसुद्धा बाबा सगळ्यांशी हात मिळवत फिरायचे आणि आईला ते फार साहेबी वाटायचं. अशा माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, मी बिस्किटाच्या तुकड्यासाठी एका जिवाला हात जोडायला लावत होते. नमस्ते त्या दिवशी बंद झालं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बाबांनी हातात घेतली.

त्यांनी माझं इंग्रजी आधी मोडीत काढलं. ‘सिट’ त्यांच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतंच. त्यांनी ‘बस’ धरलं, ‘हात दे’ धरलं, ‘थांब’ आणि ‘जाय’ धरलं. बिस्किट नुसत्या डाव्या हाताने मोडता येत नाही, दुसऱ्या हाताची दोन बोटं लागतातच. सुरुवातीला बिस्किटाचा नुसता चुरा व्हायचा आणि कुत्री खुशाल जमीन चाटून काढायची. मग हळूहळू अंगठा आणि तर्जनी एकमेकांना ओळखू लागली. ज्या हाताने रबरी चेंडू दाबायला नकार दिला होता तो हात आता रोज बिस्किटाचा पुडा फोडत होता. मी मुद्दाम काही बोलले नाही. पहिलीच्या पोरांचंही असंच असतं, लिहायला लागलं की लगेच कौतुक करायला गेलं तर पेन्सिल खाली ठेवतात.

हाताचं झालं, पण बोलण्याचं त्याहून नवल झालं. आम्ही सगळे बाबांचं बोलणं समजल्याचं सोंग करायचो. कुत्री सोंग करत नव्हती. बाबांनी ‘थांब’ म्हणायला जावं आणि ‘आंब’ असं काहीतरी निघावं, तर ती शेपूट हलवत पुढेच यायची. तिला थांब म्हटलेलं कळलंच नव्हतं. आमच्यावर चिडले की बाबा तोंड फिरवून झोपायचे. तिच्यावर चिडायची सोय नव्हती, कारण ती बिस्किटाच्या आशेने इतकी मन लावून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. मग बाबा पुन्हा म्हणायचे. पुन्हा. तोंड वाकडं करून, जीभ टाळ्याला लावून, पुन्हा. आणि जेव्हा खरंच ‘थांब’ निघायचं तेव्हा ती थांबायची. त्या वेळी बाबांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे आणि माझी पोळी तव्यावर करपायची.

एकदा मी शाळेतून आले तर ओसरीवर बाबांचं बोलणं चाललेलं. मी स्कूटी बाहेरच लावून उभी राहिले. मधूनमधून ‘पुने’ ऐकू येत होतं, ‘लिफ्ट’ ऐकू येत होतं, आणि एक शिवी तर अगदी स्पष्ट. कुत्री समोर बसून ऐकत होती. एवढं सलग ते माझ्याशी बोलले नव्हते. मला हेवा वाटला, लपवून काय करू.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सुचलं. आमच्या समोर किराणा दुकान आहे. दुकान जैन काकूंचं. काका माल आणायला बाहेर असतात, काकू गल्ल्यावर. रोज सकाळी पाखरांना ज्वारी टाकणाऱ्या, पण कुत्र्याला शिवायचं नाही म्हणजे नाही. मी त्यांना विचारलं, कुत्री बोलवायला आली तर बाबांकडे याल का?

काकूंनी विचार केला. ‘मी तिले हात नाही लावनार, मॅडम. अन् तिनं पायरीवर चढाचं नाही. खालून बोलावलं तं येईन.’

आम्ही तिघांनी मिळून तिला ते शिकवलं. बाबा खाटेवरून म्हणायचे, ‘जाय, बोलाव.’ मी तिला रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीशी न्यायचे, ती भुंकायची, काकू बाहेर येऊन वरून बिस्किट टाकायच्या. बिस्किट दोन्हीकडे मिळतं म्हटल्यावर तिने हे काम फार मनावर घेतलं. मग एक दिवस मी शाळेत असताना बाबांनी तिला एकटीला पाठवलं. काकू कणकेने भरलेले हात तसेच घेऊन धावत आल्या. बाबा खाटेवर ऐटीत बसलेले.

‘पाह्यलं,’ ते म्हणाले, ‘येता का नाही.’

‘तुमच्या बाबानं मले उगाच पळवलं आज,’ काकूंनी संध्याकाळी तक्रार केली. तोंड फुगलेलं होतं, पण बाबांसाठी चहा करून ठेवून गेल्या होत्या.

दिवाळीला भाऊ आला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, दाखवायचंच ठरवलं होतं. त्याने आल्या आल्या कुत्रीला पुण्याहून आणलेलं हाडकासारखं काहीतरी खायला दिलं. झालं, ती त्याची झाली. मी बाबांना म्हटलं, दाखवा आता. बाबा म्हणाले, अगदी नीट म्हणाले, ‘जाय, बोलाव.’ कुत्री भावाच्या पायाशी लोळली आणि चारही पाय वर करून पोट खाजवून घ्यायला लागली. बाबांनी पुन्हा सांगितलं. तिने एक कान हलवला. समोर काकू बिचाऱ्या दाराशी बिस्किट घेऊन उभ्या होत्या.

भाऊ आधी हसला. मग म्हणाला, ‘ताई, कुत्रीच्या भरवशावर बाबांना ठेवायचं म्हणतेस?’

तोंडघशी पडले की माझी जीभ सुटते. ‘अन् तुह्या चौथ्या मजल्यावर कोन येनार हाय बोलावलं तं?’ मी म्हटलं. ‘दिवसभर कुलूप लावून जाता तुमी दोघं.’

तो ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही. ‘मला तिकडे झोप लागते असं वाटतं का तुला?’ तो म्हणाला. ‘तुझा फोन वाजला की छातीत धस्स होतं. उचलायच्या आधीच मी काय काय समजून बसतो.’

तिकिटं त्याने येतानाच काढली होती, आमच्या तालुक्याच्या मालेगाववरून ट्रॅव्हल्सची. जायच्या आदल्या दिवशी मी बाबांची बॅग भरली. पांढरे सदरे, गोळ्या, काठीचं रबर झिजलं होतं म्हणून नवं रबर. बाबा खाटेवरून बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत घड्या घालत राहिले, कारण बघितलं असतं तर ती बॅग मी विहिरीत टाकून आले असते.

सकाळी भाऊ चहा घेऊन आत आला तेव्हा बाबा उठून बसलेले होते. मी दाराशी भाजी निवडत होते.

‘बस,’ बाबा भावाला म्हणाले.

‘बाबा, मी जरा गाडीचं—’

‘बस.’

तो बसला.

‘मी,’ बाबा म्हणाले आणि अडकले.

‘गोळी घेतली का? ताई, यांची सकाळची—’

बाबांनी मान हलवली. ‘मी.’

माझ्या तोंडाशी ते वाक्य आलं होतं. त्यांना काय म्हणायचं आहे ते मला ठाऊक होतं, मी एका दमात म्हणून टाकलं असतं. पण कुत्री खाटेखालून बाहेर आली होती आणि बाबांच्या तोंडाकडे बघत बसली होती, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, पुढचा शब्द येईपर्यंत. मी भाजी खाली ठेवली आणि गप्प बसले. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हाताने थांबायची खूण केली.

‘मी... येत... नाही.’ मग दम घेऊन, ‘मले इथं... राह्यचं हाय. घर माहं... इथं हाय.’

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. भावाच्या हातात चहाचा कप तसाच होता. लकव्यानंतर त्याने बाबांचं पूर्ण वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मी रोज ऐकत होते तरी माझेही डोळे भरून आले. इतके दिवस आम्ही दोघं त्यांचं काय करायचं ते ठरवत होतो आणि ते समोर बसलेले होते.

‘पण मग मी काय करू, बाबा?’ भाऊ म्हणाला. त्याचा आवाज पुण्याचा राहिला नव्हता. ‘मले तिकडं चैन पडत नाही.’

याचा बाबांनी विचार केला नसावा. त्यांनी उजवा हात उचलला, तो अजून सरळ उचलला जात नाही, आधी खांदा वर जातो, मग कोपर, मग हात. तो त्यांनी भावाच्या गुडघ्यावर ठेवला.

‘तू येत जाय,’ ते म्हणाले.

भावाने मान खाली घातली आणि नुसतीच हलवली.

‘बोल,’ बाबा म्हणाले. ‘मान... हालवू नको. बोल.’

भावाने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. बाबांनी हात गुडघ्यावर तसाच ठेवला आणि ते थांबले, त्याला लागेल तेवढा वेळ.

‘येत जाईन, बाबा,’ तो म्हणाला.